धुक्यातली हजेरी

आमच्या शाळेची सहल परदेशाला गेली, तेव्हा परदेश उत्तनपासून गलबतानं दीड दिवसावर होता. वारा पडला तर त्याहून लांब. आमचा वारा पडला, म्हणून तर हे सगळं सांगायचं.

परवा शांती नगरात राहणारी माझी पणती शाळेबरोबर सिंगापूरला जाऊन आली. जाण्याआधी आईबापांच्या चार सभा झाल्या, चाकांची बॅग आली, आणि पोरगी परत येऊन म्हणते काय, तर तिथली लिफ्ट छान होती. मला म्हणाली, "पणजी, तू कधी गेलीस का गं फॉरेनला?" म्हटलं, गेले होते, सातवीत. तिथली माणसं आम्हाला भुतं समजून गुडघ्यावर बसली होती. ती हसली. तिच्या आईनं माझ्याकडे असं बघितलं, जशी माझ्या गोळ्यांची वेळ चुकली असावी. म्हणून म्हटलं, लिहूनच ठेवावं.

माझे वडील वॉल्टर मास्तर. उत्तनजवळच्या चौक गावात, मिशनच्या शाळेत भूगोल शिकवायचे. गावात सगळे मच्छीमार, अंगात गंजी नाहीतर तेही नाही. कोट घालणारा माणूस एकच, तो आमच्या घरातला. कल्याणच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते, पण फळ्यावर लिस्बनचं बंदर डोळे मिटून काढायचे. त्यांच्या वर्गात हजेरीची एक पद्धत होती. नाव पुकारलं की उभं राहायचं, "हजर" म्हणायचं, आणि मास्तर "बस" म्हणतील तेव्हाच बसायचं. एकदा ते माझ्या मैत्रिणीला, शकूला, "बस" म्हणायला विसरले. शकू अख्खा तास उभी राहिली. घंटा झाली, मुलं घरी गेली, ही उभीच. तिची मावशी इंदुबाई शोधत आली तेव्हा म्हणाली, "मास्तर, पोरगी दिलीय शिकवायला, खांब म्हनून न्हाय दिली."

सहलीचा किडा वडिलांच्या डोक्यात कुणी सोडला, तर वर्तमानपत्रानं. वांद्र्याकडची एक शाळा मुलांना आगबोटीनं कोलंबोला घेऊन गेली, असं छापून आलं होतं. हे साल एकोणीसशे अडतीस. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून येऊन वडिलांनी ते वाचलं आणि जेवले नाहीत.

"कोलंबो," ते म्हणाले. "राजा तोच, तिकिटावर डोकं तेच. याला परदेश म्हणतात?"

"जेवा आता," आई म्हणाली.

"परदेश म्हणजे दुसरा झेंडा, दुसरं नाणं, दुसरा पोलीस. आमची शाळा दमणला जाईल."

दमण तेव्हा पोर्तुगीजांचं होतं. म्हणजे हिशेब बरोबर होता. पण 'दमण' हा शब्द ऐकून आईच्या हातातला डाव पातेल्यात पडला. ते का, हे सांगायला हवं.

माझा मोठा भाऊ हेन्री. वडिलांच्याच वर्गात शिकला, किंवा वर्गात होता असं म्हणू या. एकदा साहेब तपासणीला आले असताना वडिलांनी मोठ्या विश्वासानं स्वतःच्या मुलाला उभं केलं आणि पोर्तुगालची राजधानी विचारली. हेन्री म्हणाला, "पणजी." साहेब हसले. वडिलांनी घरी आल्यावर सांगितलं, "राजधानी आठवेल तेव्हाच या उंबऱ्यात पाय ठेव." वडील ते रागात बोलले, पण हेन्रीनं ते गृहपाठासारखं घेतलं. दुसऱ्या दिवशी तो एका मोठ्या गलबतावर खलाशी म्हणून निघून गेला. त्या मोसमाच्या शेवटी ते गलबत दमणच्या बाहेर वादळात फुटलं. माणसं मिळाली नाहीत.

याला तीन वर्षं झाली होती. ज्यांची कबर नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे नोव्हेंबरात, मयतांच्या दिवशी, समुद्राकाठच्या खुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, पायथ्याशी मेणबत्ती लावतात. सगळा गाव आईला सांगून दमला. फादर सांगून गेले. इंदुबाई तर धर्मानं हिंदू, तीही म्हणाली, "लाव गो बाय, पोराचा जीव वाट बघत आसंल." आई म्हणायची, "मला कुणी येऊन सांगू दे. मग लावीन." आणि वडिलांनी तर ते नावच घरातून पुसून टाकलं होतं. त्यांच्यापुढे कुणी हेन्री म्हटलं की ते उठून नकाशा नीट लटकवायला जायचे.

आता हा माणूस म्हणतो, सहल दमणला.

परवानगीसाठी वडील ठाण्याच्या कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "परदेश असेल तर परवानगी पुण्याहून लागेल." वडील म्हणाले, "मग परदेश नाही असं समजा." कारकून म्हणाला, "परदेश नसेल तर अर्जात परदेश कसं लिहिलंत? खोटी माहिती दिली म्हणून शेरा पडेल." तीन खेपांनंतर दोघांनी मिळून एक शब्द काढला, 'परदेशवजा स्थळ'. वडिलांना तो शब्द फार लागला. कितीतरी दिवस भांडी घासल्याच्या आवाजातही ते मध्येच म्हणायचे, "वजा काय वजा?"

शेजाऱ्यांचे सल्ले तर मोफत होते. कुणी म्हणालं, दमणला पाव इतका मऊ की उशाला घेतात. कुणी म्हणालं, पोरींना सांभाळा, फिरंगी बाटवतात. त्यावर आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "आमाला बाटवून कैक पिढ्या झाल्या. आता काय उरलंय त्यांना?" इंदुबाईचं म्हणणं एकच होतं, "सगळं करा, मयतांच्या दिवसात समुद्रावर जाऊ नका." पण सुट्टी तेव्हाच होती. वडील म्हणाले, सर्व संतांच्या सणाला सकाळी आपण दमणच्या धक्क्यावर असू.

कपड्यांचा प्रश्न वडिलांनी जातीनं सोडवला. परदेशात आपली किंमत कपड्यांवरून ठरते, म्हणून सर्वांनी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे आणि पांढरे सदरे घालायचे. ते शिवून काही वर्षं झाली होती, त्यामुळे झगे गुडघ्याच्या बरेच वर राहिले. मग खाली लेस जोडली. शकूकडे कम्युनियनचं काही असण्याचा प्रश्नच नव्हता. इंदुबाईनं तिच्यासाठी पलंगपोस कापला. शकूच्या पाठीवर विणलेला मोर होता.

निघायच्या दिवशी आईनं मला मागच्या दारी बोलावलं. हातात एक जाड मेणबत्ती दिली, जुन्या फडक्यात गुंडाळलेली.

"दमणला विचार," ती म्हणाली. "मासळीच्या धक्क्यावर विचार, चर्चमध्ये विचार. त्याची कबर सापडली तर तिथं लाव. जिवंत सापडला तर परत आण. मला तोंडानं काही सांगू नको, मेणबत्ती बघून मला कळंल."

मी बारा वर्षांची. कोलंबोला गेलेल्या कुणा पोरीला असलं सामान दिलं असेल असं मला वाटत नाही.

गलबत आईच्या भावाचं, डॉमनिकमामाचं. मामा शिडात वारा भरतो तसा पोटात भरून बोलायचा. त्याच्या गलबतावर एक खलाशी होता, त्याला सगळे फ्रान्सिस म्हणायचे आणि तो सकाळी उठून सूर्याला पाणी द्यायचा. मी विचारलं तर म्हणाला, "माझं नाव कमळाकर. फ्रान्सिसला हिवताप झाला, मी त्याच्या जागी आलो. म्हणून फ्रान्सिस."

"असं का?"

मामा सुकाणूवरून म्हणाला, "दर्याला मानसं मोजून ठावी असतात गो. नवीन मानूस दिसला की दर्या त्याला बघायला मागतो. म्हनून ज्याच्या वल्ह्यावर बसला त्याचं नाव घ्यायचं. दर्याला कळत न्हाय."

"भूगोलात असं काही नाही," वडील म्हणाले.

"भूगोल जमिनीवर, मास्तर. आनि दुसरं आयका. ह्या दिवसांत पाण्यावर कुनाला नावानं हाक मारायची न्हाय. बुडालेली मानसं कान लावून आसतात. ज्याला बोलावलं तो न्हाय, दुसराच ओ देतो."

वडिलांनी ठरवलं होतं की परदेश सहलीत सकाळ-संध्याकाळ हजेरी होईल. आता नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर हजेरी कशी घ्यायची? त्यांनी नंबर दिले. पहिल्या संध्याकाळी नंबर पुकारले तर चार नंबरला दोन पोरं उठली आणि सहाला कुणीच नाही. सहा नंबर ग्रेसीचा होता आणि ती बाजूला वाकून ओकत होती. शकू प्रत्येक नंबरला उभी राहत होती. म्हणाली, उगाच राहून जायला नको.

त्या रात्री वारा पडला. शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबायला लागलं. दुसरा दिवस तसाच गेला. आईनं तळून दिलेले फुगे संपले, भाकऱ्या संपल्या, उरले ते सुके बोंबील आणि वडिलांचं व्याख्यान. पाणी अंगावर उडून सुकत होतं, त्याचं मीठ चेहऱ्यावर, भुवयांवर, केसांवर पांढरं फुटलं होतं. भाईंदरच्या मिठागरातून उचलून आणल्यासारखी आम्ही दिसत होतो. संतांचा सण समुद्रावरच गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमक्या मयतांच्या दिवशी, सकाळी जाग आली तर समोर काही नव्हतं.

काही नव्हतं म्हणजे खरंच नव्हतं. धुकं. मला माझ्या बाजूची ग्रेसी दिसत होती, तिच्या पलीकडची शकू दिसत नव्हती. मामा म्हणाला, ह्या दिवसांत असलं धुकं त्यानं कधी बघितलं नाही. मग तो काही बोलला नाही, आणि मामा गप्प बसणं हे धुक्यापेक्षा वाईट होतं. वल्ह्याचं पाणी पडायचं, टप टप, आणि तेवढंच दुसरीकडे कुठेतरी पडल्यासारखं वाटायचं.

वडील कोटाची बटणं लावून उभे राहिले.

"हजेरी," ते म्हणाले.

"नंबर बोला, मास्तर," मामा म्हणाला.

नंबर सुरू झाले. धुक्यात कोण उठलं, कोण बसलं काही कळेना. एकदा पाचला ओ आली, एकदा नाही आली. एकदा सहाला आणि पाचला एकच आवाज. वडिलांचा आवाज चढायला लागला. मुलं त्यांच्या ताब्यात होती. धुक्यात एखादं खाली पडलं असतं तरी समजलं नसतं. आता मोठी होऊन मला त्यांची भीती कळते, तेव्हा नुसता राग दिसला.

"पुरे," ते म्हणाले. "नावं घेतो."

"मास्तर, न्हाय."

"ग्रेसी."

"हजर."

"बस. शकू."

"हजर."

"बस."

एकेक नाव झालं. माझं झालं. सगळी होती. वडिलांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. मग त्यांनी आणखी एक नाव घेतलं. जीभ घसरली, की घसरू दिली, ते मला आयुष्यभर कळलं नाही. अगदी हळू, फळ्याकडे तोंड करून बोलतात तसं.

"हेन्री."

आणि डाव्या बाजूनं, धुक्यातून, फार लांबून नाही, एका तरुण मुलाचा आवाज आला.

"हजर."

मामाच्या हातातलं सुकाणू सुटलं. कमळाकर वल्हं वर धरून तसाच राहिला. त्यावरून पाणी गळत होतं. आम्ही कान देऊन बसलो. ना वल्ह्याचा आवाज, ना दुसऱ्या बोटीचा.

शेवटी वडील म्हणाले, "प्रतिध्वनी. धुक्यात होतो."

शकू उभी राहिली. "मास्तर, प्रतिध्वनी तर आपलंच बोलतो ना? तुम्ही हेन्री म्हणालात. तो हजर म्हणाला."

"बस," वडील म्हणाले.

शकू बसली. मी झग्याच्या आत मेणबत्ती घट्ट धरली. मला वाटलं, आता विचारायचं काय राहिलं? कबर सापडली.

दुपार कलल्यावर धुकं विरलं, थोडा वारा आला, आणि दिवेलागणीच्या आधी आम्ही दमणच्या धक्क्याला लागलो. वडील पूर्ण सहलभर एका क्षणाची वाट बघत होते. परदेशी पोलीस त्यांना अडवणार, आणि ते पाठ केलेलं पोर्तुगीज वाक्य म्हणणार. धक्क्यावर पोलीस एकच होता. त्यानं आम्हाला गलबतातून उतरताना बघितलं, पांढरे कपडे, पांढरी तोंडं, पांढरे केस, एका रांगेत, भुकेनं कुणाच्या तोंडून शब्द नाही. त्यानं कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला आणि बंदूक तिथेच टेकवून पळून गेला.

"ही काय पद्धत झाली?" वडील म्हणाले. "निदान विचारायचं तरी." परदेशात आपल्याला कुणी अडवू नये हा अपमान त्यांना फार लागला. ते बंदुकीजवळ जरा वेळ थांबले, कुणी येतं का बघायला.

मामा गलबतापाशी थांबला. त्याला जमिनीवर यायचं नव्हतं, पाण्यावरही राहायचं नव्हतं, म्हणून तो धक्क्याच्या पायरीवर बसला. कमळाकरनं आमच्या सामानाची ट्रंक डोक्यावर घेतली आणि आम्ही गावात शिरलो.

गावात माणूस नव्हता.

घरांची दारं उघडी होती. प्रत्येक दारात दिवा. आत टेबल मांडलेलं, पांढरी चादर, वाढलेली ताटं, पेल्यात पाणी, पावाची टोपली. खुर्च्या जरा मागे ओढलेल्या, कुणी आत्ताच येऊन बसेल अशा. आणि एकही माणूस नाही, कुत्रं नाही, चुलीचा आवाज नाही. गल्लीभर माशाच्या कालवणाचा वास, गरम. आम्ही एका दारातून दुसऱ्या दारात बघत चाललो. दुसरीकडेही तेच. तिसरीकडेही. ग्रेसी रडायला लागली.

"मेली का सगळी?" शकूनं विचारलं.

"युरोपात अशीच पद्धत आहे," वडील म्हणाले. भूगोलाचा प्रश्न आला की ते मागे हटायचे नाहीत. "खानावळीत वाढून ठेवतात. गिऱ्हाईक येतं, जेवतं, मग मालक येऊन पैसे घेतो. विश्वासावर चालतं. आपल्याकडे हे कधी येणार?"

"आमच्यात पितरांना ठेवतात असं," शकू म्हणाली. "पण कावळा शिवल्यावर जेवायला हरकत नसते." आणि ती बसली. तिच्या मागे आम्ही. वडील टेबलाच्या मुख्य खुर्चीवर बसले, कारण तिथे कुणीतरी बसायला हवंच होतं.

आम्ही जेवलो. किती दिवसांचे उपाशी असल्यासारखे जेवलो. पाव खरंच उशीइतका मऊ होता. मी एका हातानं जेवत होते, दुसऱ्या हातात मेणबत्ती.

तेवढ्यात लांबून गाणं आलं. हळू, सुरात, बायाबापड्यांचं. गल्लीच्या टोकाला उजेड हलायला लागला. सगळा गाव किल्ल्यातल्या सिमेंटरीतून, म्हणजे कबरस्तानातून, मेणबत्त्या घेऊन परत येत होता. तिथली पद्धत मला नंतर कळली. मयतांच्या दिवशी संध्याकाळी घर उघडं टाकून, जेवण वाढून जायचं, म्हणजे घरातली गेलेली माणसं येऊन जेवून जातात. आपण परत येईपर्यंत त्यांचं आटपलेलं असतं.

आमचं आटपलं नव्हतं.

घरधनीण दारात आली. फिलोमेना तिचं नाव, जाड, काळ्या कपड्यांतली. तिनं बघितलं, टेबलाभोवती पांढरी पोरं बसून खातायत, आणि मेलेल्या नवऱ्याच्या खुर्चीवर कोट घातलेला एक पांढऱ्या केसांचा माणूस माशाचा काटा काढतोय. तिच्या हातातली मेणबत्ती पडली. ती गुडघ्यावर बसली. मागे अख्खी गल्ली गुडघ्यावर बसली आणि प्रार्थना म्हणायला लागली.

वडिलांना वाटलं, स्वागत होतंय. ते उठले. पाठ केलेलं वाक्य शेवटी उपयोगी आलं. "बोआ तार्द," म्हणजे नमस्कार, ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. लोकांनी डोळे मिटले.

फिलोमेना सरपटत जवळ आली आणि मोडक्या गुजरातीत वडिलांना काहीतरी विचारायला लागली. कमळाकरला गुजराती कळायची. तो ट्रंकेवर बसून कुजबुजला, "मास्तर, ती विचारतेय, एवढ्या वर्षांत फक्त जेवायलाच आलास का."

आणि गर्दीच्या मागे, एका मेणबत्तीच्या उजेडात, मला हेन्री दिसला.

दाढी होती. पण कान तेच, बाहेर आलेले. त्यानं आधी मला बघितलं, मग वडिलांना. त्याचं तोंड उघडं पडलं. मी जागेवरून उठले. मला एवढंच कळत होतं की सकाळी धुक्यात ओ देणारा हा, आणि आज मेलेली माणसं घरी येतात. मी ओरडले नाही, आवाजच नव्हता. मी एक पाऊल पुढे टाकलं. तो एक पाऊल मागे गेला. माझ्या हातातली मेणबत्ती त्याला दिसली, आणि तो वळला, समोरच्या घरात शिरला आणि आतून कडी घातली.

मेलेला माणूस कडी कशाला घालेल, हे मला सुचलं नाही. वडिलांना सुचलं.

ते गल्ली ओलांडून त्या दारासमोर जाऊन उभे राहिले. कोटाला कालवण लागलं होतं. सगळा गाव मागे गुडघ्यावर. मी त्यांच्या बाजूला.

"हेन्री."

आतून काही नाही. आज हाकेला ओ द्यायची नाही, हे त्यालाही लहानपणापासून माहीत होतं.

"हेन्री, दार उघड. मी मेलेलो नाही. मी परदेश सहलीवर आलोय."

वडिलांनी दारावर हात ठेवला. मग बोलले तो आवाज वर्गातला होता.

"पोर्तुगालची राजधानी?"

दाराच्या फटीतून दिव्याची रेघ येत होती, तिच्यात कुणाच्या तरी पायांची सावली येऊन थांबली.

"लिस्बन," आतून आलं.

वडिलांच्या तोंडून कधी न ऐकलेला शब्द आला. "बरोबर."

कडी निघाली. हेन्रीनं हात पुढे करून आधी वडिलांच्या कोटाची बाही चाचपली, मग माझा गाल. बोटाला मीठ लागलं, ते त्यानं चाटून बघितलं.

"राजधानी कधी आठवली?" वडिलांनी विचारलं.

"इथं आलो त्याच दिवशी. रस्त्याच्या नावाची पाटीच हाय."

"मग घरी का नाही आलास?"

"ईचारायला कोणी आलं न्हाय," हेन्री म्हणाला.

त्यानंतर गल्लीत काय गोंधळ झाला ते सांगत बसत नाही. फिलोमेना आम्ही जिवंत आहोत हे कळल्यावर जास्त चिडली. तिच्या नवऱ्यासाठी मांडलेलं ताट कुणीतरी साफ केलं होतं. शकूनं सांगितलं, ते आपण नाही. तिच्या मोराच्या पाठीवर कालवण होतं.

हेन्री त्या गलबतावरून वादळाच्या आधीच दमणला उतरला होता, आणि फिलोमेनाकडे होड्या दुरुस्त करायला राहिला होता. गलबत बुडाल्याचं त्याला माहीत होतं. आपण त्यात मेलो असं घरी समजतात, हे माहीत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "पण सकाळी तू ओ कशी दिलीस? तुझी बोट दिसली नाही."

"कसली ओ?"

"धुक्यात. बाबांनी हजेरीत नाव घेतलं, तू हजर म्हणालास."

हेन्री वडिलांकडे बघायला लागला. "मी सकाळपासून सिमेंटरीत चुना लावत होतो. आजच्या दिवशी पाण्यावर कोण जाईल?"

गल्लीतल्या मेणबत्त्या एकेक करून विझवल्या जात होत्या. वडिलांनी विचारलं, "तू उतरलास तेव्हा तुझ्या जागी कोण चढलं?"

"एक पोरगा. धक्क्यावर काम मागत फिरत होता. कुठला ते ठाऊक न्हाय. माझ्याच वल्ह्यावर बसला. नाव सांगत होता काहीतरी. गलबताचा तांडेल म्हणाला, तुझं नाव आता हेन्री."

कमळाकर ट्रंकेवरून उठला आणि अंधारात धक्क्याकडे चालू लागला. मामाला त्यानं काय सांगितलं ते मामानं नंतर सांगितलं. कमळाकर म्हणाला होता, "परत जाताना मला कमळाकर म्हणा. दर्याला दिसलो तर दिसलो."

आम्ही दमणचा किल्ला बघितला नाही, चर्च बघितलं नाही, नाणं एक बघितलं, तेही फिलोमेनानं परत घेतलं. ठाण्याच्या कचेरीनं सहलीचा अहवाल मागितला, तेव्हा 'पाहिलेली स्थळे' यापुढे वडिलांनी लिहिलं, 'एक'.

परतीच्या वाटेवर हजेरी झाली नाही. वडील डाव्या बाजूला बसून पाणी बघत होते. हेन्री त्यांच्या बाजूला. दोघं बोलत नव्हते, पण एका फडक्यातला पाव खात होते.

चौकच्या किनाऱ्यावर आई उभी होती. ती हेन्रीकडे बघायच्या आधी माझ्या हाताकडे बघत होती. मी झग्यातून मेणबत्ती काढली, वात न जळलेली, आणि तिच्या हातात दिली. आई ओल्या वाळूत खाली बसली. इंदुबाई म्हणाली, "पोर आलाय तुझा, उठ की गो." आई म्हणाली, "बसू दे जरा."

रात्री जेवताना आम्ही तिला त्या दुसऱ्या मुलाचं सांगितलं. ती चुलीपाशी ऐकत होती.

"त्याचं खरं नाव काय?" तिनं विचारलं.

हेन्रीला आठवत नव्हतं.

"त्याच्या आईला तरी ठाऊक असंल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर ती मेणबत्ती घेऊन खुरसाकडे निघाली. आम्ही मागे गेलो, हेन्रीही. तिनं वात पेटवली आणि दोन दगडांच्या आडोशाला ठेवली. मला वाटलं, झालं, आता घरी जायचं. पण वडील पुढे गेले, पाण्याच्या अगदी जवळ. बुटांत पाणी शिरत होतं. त्यांनी कोटाची बटणं लावली.

"हेन्री," त्यांनी हाक मारली.

माझ्या बाजूला भावाचं तोंड सवयीनं उघडलं. आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

वडील थांबले. वर्गात थांबायचे तेवढेच. पाण्यावरून काही आलं नाही, किंवा आलं असेल ते त्यांनाच ऐकू आलं असेल. मग ते बोलले, आणि वर्गात तो शब्द त्यांनी असा कधीच म्हटला नव्हता.

"बस, बाळा," ते म्हणाले. "बस आता."